टाके निघाले, आता वण फुगू नये म्हणून

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर देण्याआधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकत असेल तर सांगा. तुमची १९ वर्षांची लेक देवगडला पडवीतून घाईत बाहेर पडताना पावसात घसरली आणि पत्र्याच्या कडेने तिचा डावा खांदा कापला. जखम ८ सेंटिमीटरची, ११ टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. चार दिवसांपूर्वी टाके निघाले. जखम कोरडी आहे, पू नाही. पण दोन वर्षांपूर्वी तिने कानाचं वरचं भोक टोचून घेतलं तेव्हा तिथे हरभऱ्याएवढी गाठ आली आणि ती अजून गेलेली नाही, म्हणून खांद्यावरही तसंच होईल अशी तुम्हाला धास्ती आहे. शेजारच्या काकूंनी हळद आणि कोकमाच्या बियांचं भिरंडेल सांगितलं, मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. तुम्ही विचारता आहात की यातलं काय लावू. शेवटी एक ओळ अशीही आहे की तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा आहे, त्याआधी तिचं नाक टोचून घ्यावं का.

मी सर्जन आहे, २४ वर्षं सिंधुदुर्गात काम करते. टाके घालण्याइतकाच वेळ टाके निघाल्यानंतरच्या वणांवर घालवला आहे. म्हणून आधी हे सांगते की ‘काय लावू’ हा या गोष्टीतला सगळ्यात लहान भाग आहे. त्या खांद्यावर पुढचे तीन महिने किती ओढ बसते आणि पुढचे सहा महिने त्या वणाकडे कोण नीट बघतं, यावर जास्त अवलंबून आहे. टाके निघाले की घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि दवाखान्याची फाइल कपाटात जाते. वण फुगायला सुरुवात होते ती त्यानंतर.

टाके निघतात त्या दिवशी जखम वरून जुळलेली दिसते, पण तिथल्या त्वचेत मूळ ताकदीच्या जेमतेम दहा टक्के ताकद आलेली असते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती पाचव्या भागापर्यंत पोचते, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास, आणि पूर्ण शंभर कधीच होत नाही. हे तीन महिने आतल्या पेशी कोलॅजन या प्रथिनाचे धागे घालत असतात. फाटलेलं जाळं विणताना ते दोन्ही बाजूंनी कुणी ओढत राहिलं तर विणणारा जास्त दोरा घालून गाठ जाड करतो ना, तसंच इथे होतं. जखमेच्या कडा सतत ओढल्या जात असतील तर पेशींना तो ‘अजून भर घाला’ असा इशारा वाटतो. दुसरा इशारा असतो चिघळण्याचा. जी जखम दहा-चौदा दिवसांत बंद होते तिचा वण बहुतेक वेळा सपाट राहतो. तीन आठवडे उलटूनही उघडी राहिलेली जखम, विशेषतः भाजलेली, फुगण्याची शक्यता खूप वाढते. तुमच्या लेकीची जखम वेळेवर बंद झाली, म्हणजे अर्धी बाजू आधीच तुमच्याकडे आहे.

उरलेली अर्धी बाजू मात्र तिच्याविरुद्ध आहे, आणि ती लपवून उपयोग नाही. खांदा, छातीच्या मधलं हाड, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कड आणि कानाची पाळी या जागांवर वण फुगण्याची खोड असते. वयही तेच, दहा ते तीस. सावळ्या त्वचेत हे जास्त दिसतं आणि घराण्यातही चालतं. जखम किती मोठी यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं, हे मी मालवण किनाऱ्यावरच्या माणसांकडून शिकले. कालवं काढणाऱ्या बायकांचे तळवे कालवांच्या धारेने इतके फाटलेले असतात की बघवत नाही. त्यात वाळू, शेवाळ, खारं पाणी. कित्येकदा पू होतो, आठवडेच्या आठवडे लागतात. तरी तळव्यावर फुगीर वण मला क्वचितच दिसला. आणि त्याच गावातल्या मुलाच्या छातीवर एका पुटकुळीतून करंगळीएवढा वण उठलेला असतो. तळव्याच्या आणि छातीच्या त्वचेचा स्वभावच वेगळा.

म्हणून एक गोष्ट आजच करा. लेकीच्या डाव्या दंडावरची बीसीजी लशीची खूण बघा. ती बसकी, चपटी, पांढुरकी असेल तर थोडं बरं. ती उंच, चकचकीत, गुलाबी आणि अधूनमधून खाजणारी असेल, तर कानाच्या गाठीसोबत हा दुसरा पुरावा झाला. मग खांद्याच्या बाबतीत धोका मोठा आहे असंच धरून चाला. कुणाच्याही अंगावर कसलीही शस्त्रक्रिया करण्याआधी मी ही खूण आणि कान टोचल्याच्या जागा बघते. त्यांची वाच्यता पेशंट स्वतःहून करत नाहीत.

फुगीर वण दोन प्रकारचे असतात आणि पुढचा सगळा हिशोब त्यावर ठरतो. पहिला प्रकार जखमेच्या हद्दीतच वर येतो. चौथ्या ते आठव्या आठवड्यात उठू लागतो, लाल होतो, खाजतो, काही महिने वाढतो आणि मग वर्ष-दीड वर्षात बराचसा आपोआप बसतो. दुसरा कीलॉइड. तो जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेत शिरतो, कधी तीन महिन्यांनी तर कधी वर्षानेही सुरू होतो आणि आपणहून बसत नाही. हे नाव १९व्या शतकाच्या सुरुवातीला आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दिलं, खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. कुर्लीचे डेंगे रोज बघणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. छातीवरचा जुना कीलॉइड दोन्ही बाजूंना तसाच पसरलेला असतो. कानाची गाठ, तुम्ही वर्णन केलीत तशी, कीलॉइडच वाटते. खांद्यावर काय होईल ते आज कुणालाच सांगता येणार नाही. कानावर कीलॉइड असलेल्या सगळ्यांनाच दुसरीकडे होतो असंही नाही.

आता करायचं काय. आधी ओढ कमी करा. जखम खांद्यावर आहे, त्यामुळे हात डोक्याच्या वर गेला की कडा ताणल्या जातात. विहिरीचं पाणी शेंदणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, माळ्यावरून काही काढणं, ही कामं सहा आठवडे तिच्याकडून काढून घ्या. कॉलेजची सॅक त्या खांद्यावर नको, आणि दोन्ही खांद्यांवर तर मुळीच नको, कारण पट्टा नेमका वणावरून घासतो. ब्राचा पट्टाही बघा. तो त्या रेषेवर येत असेल तर रुंद पट्ट्याची घ्या किंवा काही आठवडे बिनपट्ट्याचं काही वापरू द्या. हे लिहायला संकोच वाटतो म्हणून डॉक्टर सांगत नाहीत, आणि रोज दहा तास घासणारी तीच एक वस्तू असते. हात बांधून ठेवायचा असा मात्र अर्थ काढू नका. कोपराखालची कामं, लिहिणं, जेवणं, हात कमरेच्या पातळीवर ठेवून खांदा हळू फिरवणं चालू राहू दे, नाहीतर सांधा आखडेल.

दुसरं, पेपर टेप. दवाखान्यात ड्रेसिंगला वापरतो ती साधी, हाताने सहज फाडता येणारी टेप. माझ्या मते सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्याइतकं स्वस्त आणि उपयोगी काही नाही, पण ती लावण्याची रीत महत्त्वाची. आंघोळ झाल्यावर खांदा टिपून कोरडा करा, घासू नका. टेपचा बोटभर लांब तुकडा घ्या. वणाच्या एका बाजूला अर्धा चिकटवा, मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पलीकडची त्वचा वणाकडे हलकेच लोटा आणि उरलेला अर्धा चिकटवा. वणावर त्वचेची बारीकशी सुरकुती दिसली की टेप बरोबर बसली. असे तुकडे आडवे, कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवत पूर्ण लांबीभर लावा. त्यावरून आंघोळ चालते, नंतर टिपून घ्यायचं. पहिला महिना ती रोज काढू नका, कारण रोज ओढून काढण्यात नवी त्वचा सोलते. आपल्या दमट हवेत ती तीन-चार दिवसांत कडेने सुटते, तेव्हा ओली करून वणाच्या दिशेने सोडवा आणि नवी लावा. खाज, पुरळ किंवा पाण्याचे फोड आले तर चार दिवस थांबा. ही टेप, किंवा तिच्या जागी पुढे सांगते ती सिलिकॉनची शीट, निदान बारा आठवडे चालली पाहिजे.

मग सिलिकॉन. खपली पूर्ण पडली आणि कुठेही ओल नाही, म्हणजे साधारण टाके निघाल्यावर दोन आठवड्यांनी, सिलिकॉनची चिकट शीट किंवा जेल सुरू करता येतं. त्यात औषध काही नसतं. नव्या त्वचेचा वरचा थर कच्चा असतो, त्यातून पाणी उडून जातं आणि कोरडेपणाचा तो इशारा खालच्या पेशींना कोलॅजन घालायला लावतो. सिलिकॉन पाणी धरून ठेवतं, इतकंच. त्यावरचे बरेच अभ्यास लहान आणि कच्चे आहेत, त्यामुळे मी त्याला हमी म्हणत नाही. तरी अपाय जवळजवळ नाही, म्हणून धोका असलेल्या पेशंटला मी ते सांगते. शीट दिवसातून किमान १२ तास हवी आणि किमान तीन महिने. अर्धा तास लावून काढली तर पैसे वाया. आपल्याकडची अडचण घामाची आहे. भाद्रपदाच्या उन्हात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात शीटखाली घामोळं येतं, त्वचा पांढरी पडून सुरकुतते. म्हणून पहिल्या दिवशी चार तास लावा, मग दर दोन-तीन दिवसांनी वाढवत न्या. शीट रोज साध्या साबणाने धुवून हवेवर सुकवा. टॉवेलने पुसली तर लव चिकटून ती निकामी होते. फारच घामोळं आलं तर दिवसा जेलचा पातळ थर दोनदा आणि रात्री शीट, असं करा. शीट लावलेल्या जागी वेगळी टेप नको, शीटच थोडा ताण धरते.

खांदा उन्हात उघडा ठेवू नका. उन्हाने वण फुगत नाही, पण काळा पडतो आणि तो काळेपणा वर्षभर जात नाही. सुती बाही पुरे आहे.

आता काकूंची हळद. हळदीला माझा राग नाही, पण उघड्या जखमेवर डब्यातली हळद टाकली की तिची आणि रक्ताची मिळून जाड खपली होते आणि खाली पू दडतो. चुना, चहाची पूड, अँटिबायोटिक पावडर यांचंही तेच. दगडीपाल्याचा रस रानात रक्त थांबवायला लोक लावतात. घरी आल्यावर वाहत्या पाण्याने जखम धुवून टाकावी. जखम ओलसर राहिली तर नवी त्वचा लवकर सरकते. १९६२ साली विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर हे दाखवलं: झाकून ओलसर ठेवलेल्या जखमा उघड्या सुकवलेल्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने बंद झाल्या. तरी आपल्याकडे अजून ‘वारा लागू दे, सुकू दे’ चालतंच. तुमच्या लेकीची जखम बंद झाली आहे, त्यामुळे हळदीचा प्रश्न मिटला. भिरंडेल मात्र ठेवा. थंडीत टाचांना लावतो तेच. ते वण बसवतं असं मी म्हणणार नाही, पण एक महिन्यानंतर मालिश करताना बोट सरकायला ते चांगलं. मालिशच्या आधी टेप किंवा शीट काढायची आणि नंतर त्वचा धुवून कोरडी करायची, नाहीतर काहीच चिकटणार नाही. बोटाच्या पेराने वणावर दाबून लहान गोल, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी वण जास्त लाल झाला तर जोर कमी करा.

बिब्बा कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. बिब्बा आणि काजूचं टरफल यांचं तेल एकाच जातीचं, त्वचा जाळणारं. वेंगुर्ल्याकडे काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवर त्याचे डाग मी बघत आले आहे. वण घालवायला बिब्बा लावून दुप्पट मोठा वण घेऊन आलेले पेशंट माझ्याकडे येतात.

मेडिकलवाल्याच्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. त्यात बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल तर ते स्टिरॉइड आहे, आणि कुणी न बघता ते आठवडेच्या आठवडे चोळू नका. भोवतीची चांगली त्वचा पातळ होते. कांद्याच्या अर्काचं जेल असेल तर फार अपेक्षा नकोत. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून लावण्याचं खूळ मला पटत नाही, त्याने अनेकांना पुरळ येतं.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाही, पण मला ओळखीचं आहे: घरात कुणीतरी मासे आणि आंबट बंद केलं असेल, ‘जखम चिघळेल’ म्हणून. बंद करू नका. कोलॅजन प्रथिनांपासून बनतं, आणि ते घालायला क जीवनसत्त्व लागतं. पेज आणि लोणच्यावर तीन आठवडे काढलेल्या मुलींच्या जखमा रेंगाळताना मी बघितल्या आहेत. बांगडा, अंडी, कुळथाची पिठी, आवळा, सगळं द्या.

हे सगळं करूनही वण फुगू शकतो. म्हणून पाळत ठेवायची. दर रविवारी, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, वणाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. मग लेकीला डोळे मिटून बोट फिरवायला सांगा. डोळे लाली बघून फसतात. तीन महिन्यांपर्यंत लाली असणारच, सहा महिन्यांपर्यंतही असू शकते. बोट फसत नाही. बोटाला दोरीसारखं लागायला लागलं, खाज वाढली, टोचल्यासारखं दुखायला लागलं, की दोन आठवड्यांच्या आत सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणू नका. त्या टप्प्यावर वणातच ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, साधारण महिन्याच्या अंतराने काही वेळा. दुखतं, खोटं बोलत नाही. जागा थोडी फिकी पडू शकते, खड्डाही पडू शकतो, म्हणून मात्रा जपून वाढवतात. पण दोन महिन्यांचा मऊ वण त्याने जितका चांगला बसतो तितका दोन वर्षांचा कडक वण बसत नाही.

हा धडा मला एका मुलीने दिला. मी नवी होते. कॉलेजातली मुलगी छातीच्या मधोमध असलेला तीळ काढून द्या म्हणून आली. तिळात काही वाईट नव्हतं, तो तिला नको होता. मी काढला, बारीक टाके घातले, स्वतःवर खूश झाले. टाके काढताना म्हटलं, ‘काही त्रास झाला तर ये.’ ती पाच महिन्यांनी आली तेव्हा तिथे चिंचेच्या बोटकाएवढा कीलॉइड होता. त्रास तिला दुसऱ्याच महिन्यात सुरू झाला होता, पण खाजतं म्हणून डॉक्टरकडे कोण जातं? चूक माझी होती, दोनदा. एकतर मी तिथे हात घालायला नको होता, आणि ‘त्रास झाला तर’ न म्हणता तारीख द्यायला हवी होती. तेव्हापासून छातीवरचा निरुपद्रवी तीळ मी हौसेसाठी काढत नाही, आणि खांदा-छातीच्या प्रत्येक टाक्याला सहाव्या आठवड्याची आणि तिसऱ्या महिन्याची तारीख कार्डावर लिहून देते. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांकडून त्या दोन तारखा आजच घ्या.

कानाच्या गाठीबद्दल. ती नुसती कापून घेऊ नका, कुणी दहा मिनिटांचं काम म्हटलं तरी. कीलॉइड फक्त कापला तर निम्म्याहून जास्त वेळा परत येतो, आणि पहिल्यापेक्षा मोठा येऊ शकतो. कापायचाच तर त्यानंतर इंजेक्शनं आणि काही महिने दाबाची क्लिप, किंवा हट्टी गाठीला शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत रेडिएशन, हे आधीच ठरलेलं हवं. गाठ हरभऱ्याएवढीच आहे तर आधी इंजेक्शनने बसते का बघणं योग्य. खांदा स्थिर होईपर्यंत त्याचीही घाई नाही.

साखरपुड्याला जखमेला साडेतीन महिने झालेले असतील. खरं सांगायचं तर सगळं नीट झालं तरी वण तेव्हा गुलाबी दिसेल, आणि तो अपयशाचा रंग नाही. फिका व्हायला वर्ष लागतं. ब्लाउजची बाही खांदा झाकेल अशी शिवून घ्या.

आणि नाक टोचू नका. नाकपुडीवरची प्रत्येक गाठ कीलॉइड नसते, बऱ्याचदा ती साधी मांसल पुळी असते आणि जाते. पण कानावर गाठ आलेल्या मुलीच्या चेहऱ्याच्या मधोमध ती जोखीम मी माझ्या लेकीसाठी घेतली नसती. नथ दाबाची घ्या.